‘कळवू’ या शब्दाची मुदत

मुलाखतीच्या दालनातून उमेदवार बाहेर पडू लागतो तेव्हा त्याच्या कानावर पडणारे शेवटचे वाक्य बहुधा एकच असते : ‘ठीक आहे, आम्ही कळवू.’ या वाक्याला कर्ता आहे, क्रियापदही आहे. नाही ती फक्त मुदत. केव्हा कळविणार, कोण कळविणार, निवड झाली तरच कळविणार की न झाली तरीही कळविणार, यांपैकी कशाचाही उलगडा त्यातून होत नाही. उमेदवारही तो विचारीत नाही. तो नमस्कार करतो, प्रमाणपत्रांची फाईल काखोटीला मारतो आणि त्या दिवसापासून वाट पाहण्याच्या कामावर रुजू होतो. हे एकच काम असे आहे की ज्यासाठी नेमणूकपत्र लागत नाही आणि ज्यातून मुक्त झाल्याचेही कोणी सांगत नाही.

शिक्षकाच्या जागेसाठी वणवण करणाऱ्या पदवीधराचे उदाहरण घेतले तर या प्रतीक्षेची किंमत स्पष्ट दिसते. खाजगी शाळा-महाविद्यालयांच्या जाहिराती उन्हाळ्याच्या सुमारास वृत्तपत्रांत झळकू लागतात. मराठवाड्यातील एखाद्या तालुक्याच्या गावचा तरुण रात्रभर एस.टी.चा प्रवास करून कोकणातील किंवा पश्चिम महाराष्ट्रातील संस्थेत मुलाखतीस जातो. प्रवासखर्च पदरचा, झेरॉक्सचा खर्च पदरचा, मुक्काम ओळखीच्या कोणाकडे तरी. दहा मिनिटांची मुलाखत होते आणि ‘कळवू’ हा शब्द घेऊन तो परततो. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या संस्थेकडून तासिका तत्त्वावरील काम चालून येते. ते स्वीकारावे, तर पहिल्या ठिकाणाहून बोलावणे आल्यास काय करावे? नाकारावे, आणि पहिल्या ठिकाणाहून काहीच आले नाही तर? जून उजाडतो, शाळा भरतात, तेव्हा कोणाच्या तरी तोंडून कळते की त्या जागेवर मे महिन्यातच माणूस घेतला गेला होता. तोवर दुसरी जागाही भरलेली असते. संस्थेने त्याला नकार दिला हे त्याचे दुःख नव्हे. नकार वेळेवर दिला नाही, म्हणून त्याचे एक वर्ष गेले.

अशा वेळी उमेदवाराने संस्थेकडे चौकशी करावी की करू नये? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. त्याचे उत्तर ‘अवश्य करावी’ असे देऊन मोकळेही होता येईल. परंतु सुशिक्षित मराठी मनात या साध्या चौकशीविषयी जो संकोच घर करून बसला आहे त्याचा शोध घेतल्याशिवाय हे उत्तर पुरे पडणार नाही. दहांपैकी आठ उमेदवार चौकशी करीत नाहीत, ते आळसामुळे नव्हे. ‘आपण गरजू आहोत हे दिसेल’ ही एक भीती त्यांच्या मनात असते आणि ‘आपण दबाव आणतो आहोत असे वाटेल’ ही दुसरी. पहिली भीती स्वाभिमानाच्या चुकीच्या कल्पनेतून येते. जो अर्ज करतो तो गरजू असतोच, आणि जो जाहिरात देतो तोही गरजूच असतो. एकाला काम हवे असते, दुसऱ्याला काम करणारा माणूस. यात दाता आणि याचक असे नाते नाही. दुसरी भीती मात्र अधिक खोल आहे आणि ती सर्वस्वी निराधार आहे असेही म्हणता येणार नाही.

सरकारी आणि निमसरकारी नोकऱ्यांच्या जाहिरातींच्या तळाशी बारीक टाइपात एक ओळ वर्षानुवर्षे छापली जात आहे. कोणत्याही प्रकारे दबाव आणण्याचा किंवा वशिला लावण्याचा प्रयत्न केल्यास उमेदवार अपात्र ठरविण्यात येईल, अशा आशयाची ती ओळ. हेतू स्तुत्य आहे. पण तिचा एक विपरीत परिणाम असा झाला की सरळमार्गी उमेदवाराने तिचा अर्थ ‘तोंड उघडू नये’ असा घेतला. आणि ज्याच्यासाठी ती छापलेली असते त्याने ती कधी वाचलीच नाही. कारण ज्याचा वशिला असतो त्याला जाहिरात वाचण्याची गरज नसते. जाहिरात त्याच्यापर्यंत चालत येते, क्वचित जाहिरातीतील अर्हताही त्याच्या मापाने बेतलेल्या असतात.

आपल्याकडे मुलाखतीनंतरचा पाठपुरावा होत नव्हता असे नाही. तो पूर्वापार होत आला आहे, फक्त तो उमेदवार स्वतः करीत नसे. मामा करीत, गावचे सरपंच करीत, संचालकांचे व्याही करीत. ‘जरा शब्द टाका’ हा मराठीतील वाक्प्रचार या व्यवहाराचे सारे मर्म सांगून जातो. शब्द दुसऱ्याने टाकायचा, तिसऱ्याच्या कानात टाकायचा, आणि ज्याच्यासाठी टाकला तो मात्र ओसरीवर बसून राहायचा. या पद्धतीत चौकशी आणि शिफारस यांचे मिश्रण इतके एकजीव झाले की ती वेगळी करता येतात याचाच विसर पडला. साहेबांची चिठ्ठी घेऊन जाणारा निकालाची चौकशी करीत नसतो; निकाल बदलावा म्हणून तो गेलेला असतो. उलट ज्याला केवळ निकाल काय लागला एवढेच जाणून घ्यायचे आहे त्याच्या हाती कोणाची चिठ्ठी नसते, म्हणून त्याने जाऊच नये असा विचित्र संकेत रूढ झाला. अप्रामाणिक पाठपुरावा खाजगीत होतो, प्रामाणिक पाठपुराव्याला मात्र सार्वजनिक लाज वाटते!

वस्तुतः या दोहोंतील भेद ओळखणे मुळीच कठीण नाही. चौकशी ही उमेदवार स्वतःच्या नावाने, लेखी आणि जाहिरातीत दिलेल्या पत्त्यावर करतो. ती कोणालाही दाखविता येते आणि संस्थेच्या दफ्तरी लावता येते. वशिला हा दुसऱ्याच्या नावाने, तोंडी आणि निवड समितीच्या सदस्याच्या घरी लावला जातो. तो दफ्तरी लावला तर सर्वांचीच पंचाईत होईल. ज्या पत्राची प्रत सूचनाफलकावर लावली तरी लिहिणाऱ्याला खाली मान घालावी लागणार नाही, ते पत्र दबाव ठरू शकत नाही. हा निकष उमेदवाराने मनाशी ठेवला तर बहुतेक संकोच गळून पडावा.

चौकशीचा आरंभ खरे तर मुलाखतीच्या दालनातच व्हावयास हवा. ‘आपल्याला काही विचारायचे आहे काय?’ असे अध्यक्षांनी म्हटल्यावर ‘नाही, सर’ असे उत्तर देण्याची आपल्या विद्यार्थ्यांना जणू शिकवणच मिळालेली असते. त्या ठिकाणी, ‘निर्णय साधारण केव्हापर्यंत कळू शकेल, आणि त्याबाबत कोणाशी पत्रव्यवहार करावा?’ एवढे विचारले तर त्यात उद्धटपणा कोणता? उलट, कामाची तारीख आणि जबाबदार माणूस यांची नोंद ठेवणारा लिपिक किंवा शिक्षक कोणत्याही मुख्याध्यापकाला हवाच असतो. उत्तर मिळाले तर पुढची अर्धी प्रतीक्षा संपली. न मिळाले तरी संस्थेच्या कारभाराविषयी काही ना काही कळलेच.

मुलाखतीनंतर एक-दोन दिवसांत आभाराच्या चार ओळी लिहिण्याची पद्धत अमेरिकेत चांगलीच रुळलेली आहे. आपल्याकडेही परदेशी कंपन्यांच्या कचेऱ्यांतून ती येऊ लागली आहे. तिचा बाऊ करण्याचे कारण नाही, आणि तिची टिंगल करण्याचेही नाही. मराठी माणसाला आभार मानण्याचे वळण कमी आणि मानलेच तर समारंभपूर्वक मानण्याची खोड, त्यामुळे अशी पत्रे अनेकदा लांबतात आणि त्यांत संस्थेच्या थोर परंपरेचे गुणगान सुरू होते. ते टाळावे. खरा उपयोग आहे तो दुसऱ्या पत्राचा, म्हणजे सांगितलेली तारीख उलटून चार-आठ दिवस गेल्यावर, किंवा तारीखच सांगितली नसेल तर साधारण पंधरवड्याने, लिहावयाच्या पत्राचा. त्याचा मजकूर असा असावा : ‘आपल्या अमुक तारखेच्या जाहिरातीनुसार कनिष्ठ लिपिक या पदासाठी अमुक तारखेस माझी मुलाखत झाली. माझा अर्ज क्रमांक अमुक. निर्णय झाला असल्यास कृपया कळवावे. झाला नसल्यास तो केव्हा अपेक्षित आहे ते कळवावे, ही विनंती. या पदावर काम करण्याची माझी इच्छा कायम आहे.’ यापलीकडे एक शब्दही नको. घरची हलाखी नको, वडिलांचे आजारपण नको, ‘आपणच मायबाप’ तर नकोच नको. आजारपण खरे असेल, हलाखीही खरी असेल. पण तिचा उल्लेख होताच चौकशीचे पत्र दयेच्या अर्जात रूपांतरित होते आणि वाचणाऱ्याला ते बाजूला सारण्यास निमित्त मिळते.

पत्र पदनामाला उद्देशून असावे. जाहिरात सचिवांच्या नावाने असेल तर सचिवांना, व्यवस्थापकांच्या नावाने असेल तर व्यवस्थापकांना. मुलाखत घेणाऱ्या विषयतज्ज्ञाचा दूरध्वनी क्रमांक मिळवून रात्री नऊ वाजता त्याला व्हॉट्सॲपवर संदेश धाडणे, ही चौकशी नव्हे. तो तज्ज्ञ बहुधा दुसऱ्याच महाविद्यालयाचा असतो, त्याचे काम त्या दिवशीच संपलेले असते आणि निर्णय कळविण्याचा त्याला अधिकारही नसतो. पत्राला उत्तर आले नाही तर आठवड्याने कार्यालयीन वेळेत एकदा दूरध्वनी करावा. त्यानंतर थांबावे. तिसरे-चौथे पत्र लिहून काही साधते असा अनुभव नाही. आणि जी संस्था दोनदा विचारूनही बोलत नाही तिने एक प्रकारे उत्तर दिलेलेच असते. अशा संस्थेत नोकरी मिळाली असती तर पगाराच्या तारखेबाबतही हेच मौन अनुभवास आले नसते कशावरून?

एका प्रसंगी मात्र वाट पाहत बसणे हे सर्वथा चूक ठरते. दुसरीकडून नेमणुकीचे पत्र आले आणि आठ दिवसांत होकार कळवायचा असला, तर पहिल्या ठिकाणी तत्काळ तसे कळविणे हे उमेदवाराचे कर्तव्यच आहे. ‘मला अन्यत्र अमुक तारखेपर्यंत होकार द्यावयाचा आहे; तत्पूर्वी आपला निर्णय कळल्यास उपकृत होईन’, हे वाक्य धमकी ठरत नाही, ती माहिती आहे. अट एकच, की ती माहिती खरी असावी. नसलेल्या नेमणुकीचा बडगा दाखवून निर्णय घाईने करवून घेण्याचा सल्ला देणारे हितचिंतक हल्ली फार झाले आहेत. संस्थेने ‘मग तिकडेच जा’ असे म्हटले की या सल्लागारांचा ठावठिकाणा लागत नाही.

सरकारी नोकरीचा मामला वेगळा. तेथे विनंतीच्या पत्राला फारसा अर्थ नाही, कारण निर्णय एका माणसाच्या मर्जीवर नसतो; निदान नसावा. तेथे मुलाखत या प्रकारावरच न्यायालयांनी वेळोवेळी लगाम घातला. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशांच्या प्रकरणात, अजय हसिया खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने तोंडी चाचणीला एकूण गुणांच्या एकतृतीयांश गुण ठेवणे अवाजवी ठरविले आणि १५ टक्क्यांची मर्यादा सुचविली. दोन-तीन मिनिटांत उरकलेल्या मुलाखतींवर त्या निकालपत्रात कडक शब्दांत टीका आहे. पुढे १९८५ मध्ये हरियाणाच्या लोकसेवा आयोगासंबंधीच्या अशोक कुमार यादव खटल्यात, खुल्या वर्गातील उमेदवारांच्या बाबतीत मुलाखतीचे गुण १२.२ टक्क्यांहून अधिक नसावेत असे न्यायालयाने म्हटले. आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने ‘क’ व ‘ड’ गटांतील तसेच ‘ब’ गटातील अराजपत्रित पदांसाठी मुलाखतच रद्द केली. ज्या पदांसाठी लाखो कुटुंबे मुलाखतीच्या नावाने कोणाकोणाचे उंबरे झिजवीत होती, त्या पदांपुरता ‘कळवू’ हा शब्दच नाहीसा झाला. हा बदल लहान नव्हे.

जेथे मुलाखत उरली आहे तेथे विचारण्याचा मार्ग २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने खुला केला. दहा रुपयांचे शुल्क भरून केलेल्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर देणे जन माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. न दिल्यास किंवा उत्तराने समाधान न झाल्यास तीस दिवसांत प्रथम अपील करता येते. शासनाकडून मोठ्या प्रमाणात अनुदान घेणाऱ्या खाजगी संस्थांनाही हा कायदा लागू होऊ शकतो, याची जाणीव अनेक शिक्षक-उमेदवारांना नसते आणि असली तरी संस्थाचालकांच्या धाकाने तिचा उपयोग होत नाही. मात्र काय विचारावे याला महत्त्व आहे. ‘माझी निवड का झाली नाही?’ असे विचारल्यास उत्तर मिळण्याची शक्यता थोडी, कारण दफ्तरात नसलेली कारणे तयार करून देण्याचे बंधन कायदा घालीत नाही. ‘अमुक तारखेच्या मुलाखतीत मला मिळालेले गुण, निवड झालेल्या शेवटच्या उमेदवाराचे गुण आणि निवड यादी मंजूर झाल्याचा दिनांक’, असे नेमके विचारावे. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत असावा असे बंधन २०१२ साली आले. ते जाचक वाटले तरी या कामी उपकारकच ठरते. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला. परंतु मुलाखत मंडळातील सदस्यांची नावे उघड करण्याची सक्ती नाही, असेही बिहार लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात २०१२ मध्ये सांगितले. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर सीमारेषा कळते : आपल्याविषयीची माहिती मागावी, परीक्षकाविषयीची नव्हे.

असे असले तरी शासनाने खाजगी संस्थांना सौजन्याचे धडे द्यावेत अशी त्याची स्वतःची स्थिती नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या २०१९ च्या राज्यसेवा परीक्षेचा अंतिम निकाल जून २०२० मध्ये लागला. चारशेहून अधिक उमेदवार निवडले गेले आणि मग वर्ष उलटून गेले तरी नियुक्तीपत्रांची वाट पाहत राहिले. करोनाची साथ आणि मराठा आरक्षणाचा सर्वोच्च न्यायालयातील वाद ही कारणे खरी होती, त्यांचा निकाल ५ मे २०२१ रोजी लागला हेही खरे. पण ‘तुमच्याबाबत काय ठरले आहे आणि काय ठरावयाचे आहे’ हे त्या तरुणांना वेळच्या वेळी समजावून सांगण्यास कोणत्या न्यायालयाची मनाई होती? त्याच २०२१ सालच्या उन्हाळ्याअखेर, मुख्य परीक्षा उत्तीर्ण होऊन मुलाखतीची वाट पाहणाऱ्या पुण्याच्या एका तरुण उमेदवाराने आपले जीवन संपविले. महाराष्ट्र हादरला, विधिमंडळात चर्चा झाली, आणि त्या चर्चेतून जे बाहेर आले ते अधिकच विदारक होते. मुलाखती घेणाऱ्या आयोगाच्या सदस्यांच्याच जागा रिक्त होत्या. त्या भरण्याची मुदत सरकारला सभागृहात जाहीर करावी लागली. एखाद्या आत्मघातामागे एकच एक कारण शोधणे योग्य नव्हे. तरीपण प्रतीक्षा ही निरुपद्रवी गोष्ट आहे या समजुतीला त्या दिवसानंतर थारा राहू नये.

कायद्याची मदतही येथे मर्यादित आहे. निवड यादीत नाव आले म्हणजे नेमणुकीचा अबाधित हक्क मिळाला असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शंकरसन दाश खटल्यात १९९१ मध्ये स्पष्ट केले. मात्र त्याच निकालात, जागा न भरण्याचा निर्णय शासनाने मनमानीने घेता कामा नये, त्याला सबळ कारण हवे, असेही बजावले आहे. भरतीची प्रक्रिया सुरू झाल्यावर मध्येच तिचे निकष बदलता येत नाहीत, या तत्त्वाचा पुनरुच्चार नोव्हेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या एका घटनापीठाने केला. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलू नयेत, हे ठरले. खेळ संपल्यावर गुणफलक केव्हा दाखवायचा, हा प्रश्न तेवढा शिल्लक आहे.

खाजगी क्षेत्रात तर तो प्रश्न कोणी विचारलेलाच नाही. रिकाम्या जागांची माहिती सेवायोजन कार्यालयांना कळविण्याची सक्ती करणारा कायदा संसदेने १९५९ साली केला; पुढे तो विषय २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला. मालकाने सरकारला कळवावे, हे तेव्हा सुचले. मालकाने उमेदवाराला कळवावे, हे सुचले नाही. महाराष्ट्रात २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित दाखले ठराविक दिवसांत मिळण्याचा हक्क नागरिकाला दिला. म्हणजे मुलाखतीस नेण्यासाठी लागणाऱ्या अधिवासाच्या दाखल्याला मुदत आहे, आणि त्या मुलाखतीच्या निकालाला नाही.

अन्यत्र ही मुदत घालणे अशक्य ठरलेले नाही. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने केलेली तरतूद १ जानेवारी २०२६ पासून अमलात आली आहे. पंचवीस किंवा त्याहून अधिक नोकर असलेल्या मालकाने जाहीर जाहिरात देऊन एखाद्या पदासाठी मुलाखत घेतली, तर मुलाखतीपासून ४५ दिवसांच्या आत, आणि मुलाखती एकाहून अधिक झाल्या असल्यास शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांच्या आत, भरतीबाबत निर्णय झाला आहे किंवा नाही हे त्या उमेदवाराला कळविणे तेथे सक्तीचे झाले आहे. समक्ष सांगावे, लेखी सांगावे किंवा तंत्राच्या साहाय्याने सांगावे, पण सांगावे. टोरोंटो आणि त्याच्या आसपास स्थायिक झालेल्या हजारो मराठी कुटुंबांतील नवागतांनाही या नियमाचा लाभ होईल. तेथील अनुभव नसल्याच्या सबबीवर ज्यांचे अर्ज वर्षानुवर्षे अनुत्तरित राहतात, त्यांना निदान नकार तरी पदरात पडेल. या तरतुदीत मालकाला कारणे देण्याची सक्ती नाही, नकाराचे समर्थन करण्याचीही नाही. उद्योगधंदे त्यामुळे बुडतील अशी भीती कोणी घालीत असेल तर ती पोकळ आहे.

संस्थाचालकांची बाजूही ऐकली पाहिजे. एका जागेसाठी दोनशे अर्ज येतात, सर्वांना कोठवर लिहावे, असे ते म्हणतात. प्रश्न दोनशे अर्जदारांचा नाहीच. ज्या दहा-पंधरा जणांना बोलावून समोर बसविले त्यांचा आहे. बोलावण्यासाठी त्यांचे पत्ते, दूरध्वनी आणि ई-मेल सापडले होते, नकार देण्यासाठी ते हरवावेत? दुसरी अडचण अधिक खरी आहे. पहिल्या क्रमांकाचा उमेदवार ऐनवेळी आलाच नाही तर दुसऱ्याची गरज पडते, म्हणून दुसऱ्याला नकार कळविला जात नाही. त्याला आशेवर ठेवले जाते. हा व्यवहार समजण्यासारखा आहे, पण त्याला प्रामाणिक तोड उपलब्ध आहे. ‘आपले नाव प्रतीक्षा यादीत दुसरे असून अमुक तारखेपर्यंत बोलावणे न आल्यास निवड झाली नाही असे समजावे’, हे वाक्य लोकसेवा आयोगाच्या प्रतीक्षा यादीइतकेच निर्दोष आहे. तिसरे कारण कोणी बोलून दाखवीत नाही. लेखी नकार दिला तर त्याचा कागद होतो, आणि कागद झाला की प्रश्न उद्भवू शकतो : नाकारलेल्याची अर्हता काय होती आणि स्वीकारलेल्याची काय? जेथे जागा मुलाखतीपूर्वीच भरलेली असते, आणि अशा संस्था महाराष्ट्रात औषधालाही सापडणार नाहीत असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही, तेथे मौन हे विस्मरण नसून धोरण असते. अनुदानित शाळांतील शिक्षकभरती ‘पवित्र’ या संगणकीय प्रणालीतून करण्याचा निर्णय शासनाला २०१७ मध्ये घ्यावा लागला तो उगाच नव्हे.

या मौनाचा आणखी एक लाभार्थी आहे. मुलाखत देऊन आलेला तरुण उत्तराकडे डोळे लावून बसलेला असतो हे ठगांना पक्के ठाऊक असते. ‘आपली निवड झाली आहे, प्रशिक्षणाची अनामत भरा’ असा बनावट संदेश अशा वेळी येतो आणि एरवी सावध असलेला पदवीधरही पैसे पाठवून बसतो. नेमणूक देण्यासाठी पैसे मागणारा तो मालक नव्हे, एवढे ध्यानात ठेवून अशा प्रत्येक संदेशाची खातरजमा मूळ जाहिरातीतील पत्त्यावर करावी. पण तेथून उत्तर मिळण्याची सवय असेल तरच ही खातरजमा होणार!

निवड समितीच्या कामाची पद्धत ज्याने पाहिली आहे त्याला हे माहीत असते की निर्णय व्हायला महिने लागत नाहीत. शेवटचा उमेदवार बाहेर पडला की समितीचे सदस्य गुण मांडतात, क्रम लावतात, इतिवृत्तावर सह्या करतात आणि परतीची गाडी धरतात. संस्थेच्या कार्यकारिणीची किंवा विद्यापीठाची मंजुरी राहिली तरी क्रम त्याच संध्याकाळी कागदावर उतरलेला असतो. तेथून उमेदवारापर्यंतचे अंतर एका लिपिकाचे अर्ध्या तासाचे काम आहे. गंमत अशी की तो लिपिकही कधी काळी असेच ‘कळवू’ ऐकून घरी गेलेला असतो.

कायदा होईल तेव्हा होईल. त्याआधी एवढे तरी करता येण्यासारखे आहे : अनुदान घेणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या जाहिरातीत मुलाखतीच्या तारखेशेजारी निर्णय कळविण्याची तारीखही असल्याखेरीज त्या जाहिरातीला शिक्षण विभागाने मान्यता देऊ नये. विद्यापीठांनी निवड समितीवर आपले प्रतिनिधी पाठविताना सर्व उपस्थित उमेदवारांना निकाल कळविल्याचा दाखला संस्थेकडून मागवावा. शिक्षक आणि कर्मचारी संघटना वेतनश्रेणीसाठी जसे ठराव करतात तसा एखादा ठराव, जे अद्याप त्यांचे सभासदही झालेले नाहीत अशा उमेदवारांसाठीही करू शकतील. आणि येत्या उन्हाळ्यात मुलाखतीला जाणाऱ्या मुलामुलींनी, अध्यक्षांनी ‘कळवू’ म्हटल्यावर उठण्यापूर्वी, अदबीने एवढेच विचारावे, ‘केव्हापर्यंत, सर?’ आणि जे उत्तर मिळेल ते फाईलच्या पहिल्या पानावर तारखेसह टिपून ठेवावे.